उखळीतली वाटी

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत फिरतो. सांधा बदलतात तेव्हा खरी कसोटी लागते ती या खोबणीत बसवलेल्या वाटीची, असं मला वाटतं.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती गुळगुळीत होती, पण दोन-तीन वर्षांतच झिजली, आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींना सूज आली. हा पदार्थ शरीरात काय करतो हे पाहण्यासाठी चार्नलींनी त्याचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून घेतला! रुग्णांविषयीची ही तळमळ मला फार मोठी वाटते. १९६२च्या नोव्हेंबरपासून ते चिवट पॉलिथिलीनची वाटी वापरू लागले. ती अ‍ॅक्रिलिक सिमेंटने पक्की करत. नाव सिमेंट असलं तरी ते हाडाला डिंकासारखं चिकटत नाही. हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होतं आणि धरून ठेवतं.

आज सिमेंटशिवाय बसणारी टायटॅनियमची वाटीही सर्रास वापरतात. तिच्या आत पॉलिथिलीनचं किंवा सिरॅमिकचं अस्तर असतं. खोबण वाटीपेक्षा एखाद-दोन मिलिमीटर लहान कोरायची आणि वाटी ठोकून बसवायची; गरज भासली तर स्क्रू. मग वाटीच्या खडबडीत, सच्छिद्र पाठीत काही महिन्यांत जिवंत हाड शिरतं. मात्र त्या काळात वाटी जराशी जरी हलत राहिली, तर हाडाऐवजी तिथे तंतूंचा मऊ थर धरतो आणि वाटी सैलच राहते.