दम्याचे मूल आणि बालवाडी



दम्याच्या मुलाला बालवाडीत पाठवू नये, असा समज आपल्या सटाण्यातही आढळतो. पण चुलीचा धूर आणि कांद्याच्या चाळीची धूळ घरीही असतेच. मूल घरी ठेवल्याने दमा जात नाही, शिक्षण मात्र जाते.

डॉक्टरांनी दिलेला पंप व स्पेसर बालवाडीच्या ताईंच्या हाती द्या. केव्हा व किती द्यायचा, तेही लिहून द्या. पंपाची सवय लागते ही भीती व्यर्थ आहे. औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून थोडेच पुरते.

ताईंनी जमीन ओल्या फडक्याने पुसावी. धाप लागलेल्या मुलाला निजवू नये, बसवून पंप द्यावा. बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा ओठ निळे पडले, तर पालकांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.