रद्दीची सागरयात्रा



महिन्याकाठी रद्दीवाला दारात येतो, काटा लावतो, आणि घरातली माणसं दोन-चार रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालतात. गठ्ठा हातगाडीवर पडला की आपण तो विसरून जातो. पण जुना कागद ही नुसती अडगळ नव्हे. तो माल आहे. जहाजात बसून महासागर ओलांडणारा माल. अमेरिका आणि चीन यांच्यात या मालाचा केवढा मोठा व्यापार उभा राहिला आणि तो कसा बुडाला, ती हकीकत आज सांगायची आहे.

कागद मूळचा चीनचाच. इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी यांपासून कागद तयार केला, असे चिनी इतिहासात नमूद आहे. मग ज्यांनी जगाला कागद दिला, त्यांनी दुसऱ्याची रद्दी विकत का घ्यावी?

याचे उत्तर तंतूंत आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची गुंफण. वापरलेला कागद पाण्यात घुसळून त्याचा पुन्हा लगदा करता येतो. पण दर खेपेला तंतू तुटतात, आखूड होतात. पाच-सात खेपांनंतर त्यांत काही दम उरत नाही. चीनमध्ये लांब तंतूंचे लाकूड अपुरे. तिथल्या पुष्कळ गिरण्या गव्हाच्या काडापासून कागद करीत, आणि काडाचा तंतू मुळातच आखूड. उलट उत्तर अमेरिकेत पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांची अफाट जंगले. त्यांचा तंतू लांब आणि चिवट. त्यामुळे अमेरिकन माणसाने फेकलेले पुठ्ठ्याचे खोके चिनी गिरणीवाल्याला मोलाचे वाटे.

दुसरे कारण वाहतुकीचे. चीनहून खेळणी, कपडे, यंत्रे भरून जहाजे अमेरिकेला जात. परतताना बरेचसे कंटेनर रिकामे. आपला गाडीवान बाजारात धान्य उतरवल्यावर रिकामा परतण्यापेक्षा मिळेल त्या भाड्यात माल घेतो ना? तसेच हे. परतीचे भाडे स्वस्त, म्हणून रद्दीची ने-आण परवडली.

ही संधी झांग यिन या चिनी बाईंनी अचूक हेरली. १९९० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमधून रद्दी निर्यात करण्याचा धंदा सुरू केला. १९९५ मध्ये चीनमधील डोंगग्वान येथे 'नाइन ड्रॅगन्स' ही पुठ्ठ्याची कंपनी काढली. २००६ साली चीनमधील श्रीमंतांच्या एका प्रसिद्ध यादीत त्यांचे नाव पहिले होते. रद्दीच्या जोरावर! अमेरिकेची खोकी चीनला येत, त्यांची नवी खोकी होत, आणि त्यांत माल भरून ती पुन्हा अमेरिकेला जात. २०१६ च्या सुमारास चीन वर्षाला अडीच कोटी टनांहून अधिक रद्दी आयात करीत होता, आणि तिच्यात अमेरिकेचा वाटा जवळजवळ निम्मा होता.

पण या व्यवहारात एक खोट होती. अमेरिकेतल्या कित्येक गावांत कागद, काच, बाटल्या, डबे हे सारे एकाच पेटीत गोळा करीत. कागदाला तेल लागे, काचेचे तुकडे चिकटत, प्लॅस्टिक गुंते. असे गठ्ठे जहाजात चढत आणि निवडण्याचे काम, तसाच उरलेला कचराही, चीनच्या वाट्याला येई.

जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवले : न निवडलेली रद्दी यापुढे घेणार नाही. १ मार्च २०१८ पासून अशी अट आली की, निवडलेल्या रद्दीतही मळ अर्ध्या टक्क्याहून अधिक नको. म्हणजे टनामागे फक्त पाच किलो! त्यात दोन्ही देशांत व्यापारयुद्ध पेटले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीनने अमेरिकन रद्दीवर २५ टक्के जकात बसवली. १ जानेवारी २०२१ पासून तर परदेशी कचऱ्याची आयातच बंद झाली.

अमेरिकेत भाव कोसळले. फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहराला २०१९ च्या सुरुवातीस गोळा केलेल्या पुनर्वापराच्या मालापैकी सुमारे निम्मा जाळावा लागला. लोकांनी नेमाने वेगळ्या पेटीत टाकलेला माल हा!

चिनी गिरणीवाल्यांनी मात्र वाट काढली. 'नाइन ड्रॅगन्स'ने २०१८ मध्ये मेन आणि विस्कॉन्सिन या अमेरिकन राज्यांतल्या गिरण्याच विकत घेतल्या. रद्दीला बंदी, पण रद्दीच्या लगद्याला नाही. तेव्हा अमेरिकेत लगदा करायचा आणि तो चीनला धाडायचा, असा मार्ग निघाला.

आणि उरलेली रद्दी? तिचा काही भाग आग्नेय आशियाकडे आणि आपल्याकडे वळला. वापी, मोरबीकडच्या गिरण्या परदेशी रद्दी विकत घेतात. आता गंमत पाहा. आपल्या गल्लीतला कागद पावसात भिजून उकिरड्यावर कुजतो, आणि गिरणीसाठी सातासमुद्रापलीकडून कागद आणावा लागतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एवढा एक प्रयोग जरूर करा. एक कोरडी वही आणि एक भजी बांधलेला तेलकट कागद, दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत भिजत घालून घुसळा. वहीचा लगदा होईल; तेलकट कागदाच्या पाण्यावर तवंग येईल. दोन बलाढ्य देशांचा व्यापार कुठे अडला, ते मुलांना त्या बादलीतच दिसेल. कोरडा आणि निवडलेला कागद हा माल. ओला आणि बरबटलेला तो कचरा. हा फरक बंदरावर ठरत नाही. तो आपल्या घराच्या कोपऱ्यात ठरतो.