डोंगर, खाडी आणि मधली पट्टी

ठाण्याच्या माजिवड्यापासून गायमुखाच्या घाटाकडे आणि पुढे घोडबंदरकडे जाणारा रस्ता वाहतुकीच्या नकाशावर ठाणे, बोरिवली आणि वसई यांना जोडणारा दुवा असला, तरी भूगोलाच्या नकाशावर तो एकेकाळच्या सलग प्रदेशाला मधोमध चिरणारी रेघ आहे. ठाण्याहून निघाल्यावर डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल लागते, उजव्या हाताला उल्हास नदीचे वसईच्या खाडीत मिसळत जाणारे रुंद पात्र आणि त्याच्या काठची खारफुटी असते, आणि या दोहोंच्या मधल्या दोन-चार किलोमीटरांच्या पट्टीत मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळा ही जुनी गावे गृहसंकुलांच्या गर्दीत उभी आहेत. गायमुखाजवळ ही पट्टी इतकी अरुंद होते की डोंगराचा पायथा आणि खाडीचा चिखल यांच्यात जेमतेम रस्ताच उरतो. हवामानबदल आणि जीवसृष्टी यांविषयीचे अलीकडचे संशोधन या पट्टीच्या संदर्भात वाचले, तर ते पुनःपुन्हा एकाच मुद्द्याकडे येते, आणि तो मुद्दा म्हणजे सरकायला लागणारी जागा.

समुद्र वर येतो आहे, ही त्यातील पहिली गोष्ट. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या, मुख्यतः पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सिद्ध झालेल्या मूल्यांकनानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर या वेगाने वाढली, तर १९९३ ते २०१७ या काळात हाच वेग वर्षाला ३.३ मिलिमीटरांवर गेला. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची दोन मुख्य कारणे आहेत. दुसरी गोष्ट पावसाची. याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारे बाष्प पुरवण्यात तापत्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या अस्थिर पश्चिमी वाऱ्यांचा मोठा वाटा आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, या साध्या भौतिक नियमातून अशा पावसाचा जोर समजतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. येऊरच्या डोंगराची ती पलीकडची बाजू.

या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा घोडबंदर पट्टीत काय घडते, हे समजण्यासाठी पाण्याचा मार्ग पाहावा लागतो. डोंगरावर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी उतरतो, रस्त्याखालच्या मोऱ्यांतून पलीकडे जातो आणि खाडीला मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा खाडीचे पाणीच नाल्यांच्या तोंडांतून आत येत असते, आणि त्याच घटकेला डोंगरावर जोराचा पाऊस झाला तर वरून आलेल्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. पूर्वी हे पाणी खाजणांत पसरत असे. खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी सखल खारी जमीन. आगरी-कोळी समाजाने बांध घालून तिच्यात खारे भात पिकवले, मीठ काढले, आणि भरतीला थोडी जागा मोकळीही ठेवली. त्या जमिनीवर भराव पडला की पाणी पसरण्याऐवजी चढते. उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, बदलापूर, कल्याण असे करत खाली येते आणि वाटेत काळू-भातसाचे पाणीही घेते. २७ जुलै २०१९ रोजी तिच्या पुरामुळे बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना सोडवावे लागले, तो सगळा पूर अखेर घोडबंदरच्या बाजूनेच समुद्राकडे निघालेला होता. कल्याण-डोंबिवलीचे पूर आणि या पट्टीतल्या खाडीकाठच्या कोलशेतची खारफुटी हे विषय वेगळे ठेवून नियोजन करणे म्हणूनच चुकीचे आहे.

खारफुटी म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडाझुडपांचा समूह. या खाडीत त्यातले सर्वांत जास्त दिसणारे झाड तिवराचे. त्याचे पान वरून गुळगुळीत हिरवे आणि खालून राखाडी असते, आणि कोरड्या हवेत बोट फिरवले तर त्यावर मिठाचे बारीक कण लागतात, कारण मुळांनी बऱ्याच अंशी गाळूनही आत आलेले मीठ हे झाड पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. ओहोटीला झाडाभोवती चिखलातून वीतभर उंचीच्या पेन्सिलीसारख्या शेकडो काड्या वर आलेल्या दिसतात. ती त्याची श्वसनमुळे, प्राणवायू नसलेल्या चिखलात दडलेल्या मुळांना हवा पुरवणारी. त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावर पर धरून सरपटणारा मासा, आणि चिंबोऱ्या यांची ये-जा चालू असते, आणि भरतीबरोबर आलेला गाळ याच काड्यांत अडकून बसतो.

या गाळातच हवामानाशी संबंधित सर्वांत महत्त्वाचे काम चालते. २०११ मध्ये डॅनियल डोनाटो आणि सहकाऱ्यांनी हिंद-प्रशांत प्रदेशातील खारफुटीची मोजणी करून हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन साठलेला असल्याचे दाखवले, आणि त्यातला मोठा हिस्सा झाडांत नसून मातीत होता. चिखलात प्राणवायू नसल्याने पडलेली पाने व मुळे कुजण्याची क्रिया अतिशय मंद चालते आणि कार्बन शतकानुशतके गाडलेला राहतो. झाडे तोडून तो चिखल उघडा पाडला, खणला किंवा कोरडा केला, की हाच कार्बन वायुरूपाने वातावरणात परततो. एका ठिकाणची खारफुटी कापून दुसरीकडे डोंगरउतारावर रोपे लावण्याच्या हिशेबात हा जमिनीखालचा साठा धरलेलाच नसतो, म्हणून तो हिशेब जुळत नाही.

समुद्र वर येत असताना खारफुटी तगते ती दोन मार्गांनी. एक तर ती गाळ अडवून आणि मुळे वाढवून स्वतःखालची जमीन उंचावत नेते, नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या थोडी थोडी जमिनीच्या बाजूला सरकते. पहिल्या मार्गाची मर्यादा आता बरीच स्पष्ट झाली आहे. नील सेंटिलन आणि सहकाऱ्यांनी गेल्या दहा हजार वर्षांतील गाळाच्या नोंदी तपासून २०२० मध्ये असा निष्कर्ष काढला की सागरपातळी वर्षाला सुमारे सहा मिलिमीटरांपेक्षा अधिक वेगाने चढू लागली तर खारफुटीला त्या वेगाने जमीन उंचावणे बहुधा जमत नाही. आजचा वेग त्याच्या खाली असला तरी वाढता आहे, आणि जमीन उंचावण्यासाठी गाळ लागतो. तो सह्याद्रीतून उल्हास आणि तिच्या उपनद्या आणतात. बारवी, भातसा या धरणांत त्याचा काही भाग अडतो, आणि खाडीच्या तळातून पंप लावून रेती उपसली की तळ खचून काठही ढासळतो. शहरांना पाणी हवे आणि बांधकामाला रेती हवी हे खरे आहे, पण ज्या गाळावर किनारा उभा आहे त्याचीही कुठेतरी नोंद हवी. राहिला दुसरा मार्ग, सरकण्याचा. तेथे संरक्षक भिंत, भराव किंवा रस्ता उभा असेल, तर पुढून चढणारे पाणी आणि मागे काँक्रीट यांच्यामध्ये झाडे अडकतात. किनाऱ्याची ही कोंडी घोडबंदर पट्टीत फार थोड्या अंतरावर दिसते, आणि बाळकुम ते गायमुख या नियोजित खाडीकिनारा मार्गाचा विचार करताना तीच सर्वांत आधी पाहायला हवी.

क्षेत्रफळाचे आकडे येथे फसवे ठरू शकतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर होती, म्हणजे मागच्या दशकापेक्षा जास्त. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला, आणि उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली व २०१८ च्या निकालात तिचा नाश घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काशी जोडून भोवती ५० मीटरचा राखीव पट्टा मान्य केला, याचे श्रेय त्यात निश्चित आहे. पण शेजारच्या ठाणे खाडीत ही वाढ बरीचशी पाण्याच्या बाजूला, गाळाने उथळ झालेल्या चिखलपठारांवर झाली आहे, आणि तीच पठारे रोहित पक्ष्यांचे अन्नक्षेत्र आहेत. १९९० च्या दशकापासून येथे येणारे धाकटे रोहित चिखलावरील सूक्ष्म शैवाल गाळून खातात. त्यांच्यासाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. जमिनीच्या बाजूला जागा नसलेली खारफुटी पाण्याच्या बाजूला पसरते आणि पक्ष्यांची जागा व्यापते. एका जिवाची कोंडी अशी दुसऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात काही वर्षी तिवरांचे मोठे पट्टे अचानक तपकिरी पडतात आणि झाडांवर विष टाकल्याची शंका काठच्या वस्त्यांत बोलली जाते. जवळून पाहिल्यास पानांच्या कडा दुमडलेल्या आणि त्या घडीत काळसर अळी बसलेली आढळते. हायब्लिया प्युएरा या पतंगाची ही अळी सागाची पाने खाऊन चाळण करणारी म्हणून वनखात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणजे येऊरच्या सागाचा आणि कोलशेतच्या तिवराचा शत्रू एकच आहे, आणि मधला रस्ता त्याला अडवत नाही. केरळ वनसंशोधन संस्थेच्या अभ्यासात सागावरील तिच्या लाटा वळवाच्या सरींनंतर फुटणाऱ्या कोवळ्या पालवीशी निगडित आढळल्या आणि तिला मारणारा एक नैसर्गिक विषाणूही सापडला. खाडीत औषध फवारणे मात्र घातक, कारण ते थेट कोलंबी आणि माशांच्या पिलांत उतरते. तिवर काही आठवड्यांत नवी पालवी धरतो, आणि अळीची विष्ठा दरम्यान चिखलात नत्र परत देऊन गेलेली असते.

पतंग रस्ता ओलांडतो, बिबट्याला ते सोपे नाही. राष्ट्रीय उद्यानात स्वयंचलित कॅमेऱ्यांनी, अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळख पटवत, २०१५ मध्ये ३५ आणि २०१८ मध्ये ४७ बिबटे मोजले गेले. एवढ्या लहान जंगलात एवढे प्राणी असल्याने त्यांना बाहेर जाण्याची आणि बाहेरून येण्याची वाट राहिली नाही, तर आपसांतील प्रजननाने वंश दुबळा होतो. ती वाट घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेला, उद्यानाचाच भाग असलेल्या नागला वनखंडातून वसईच्या खाडीकडे आणि तेथून तुंगारेश्वराच्या जंगलाकडे जाते. २००९ मध्ये विद्या अत्रेय आणि वनविभागाने गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला, पुढे ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला नर बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून आणि वसईची खाडी पोहून या उद्यानात पोहोचला होता. २०११ च्या अखेरीस तो वाहनाच्या धडकेने मेला. माणसांसाठी याच उद्यानाखालून ११.८ किलोमीटरांचा ठाणे-बोरिवली जोडमार्ग होत आहे, तेव्हा नागला आणि उद्यान यांच्यामध्ये प्राण्यांसाठी पुरेसा रुंद, अंधारा आणि शांत भुयारी मार्ग बांधणे अभियांत्रिकीच्या आवाक्याबाहेरचे नाही.

तिवराची फळे पावसाळ्यात पिकतात. बदामाएवढ्या फळातील बी झाडावर असतानाच रुजण्याच्या बेतात आलेले असते. पाण्यात पडल्यावर साल गळते, दोन जाड हिरवी दले उघडतात, आणि चिखलाला टेकले की थोड्याच दिवसांत ते मूळ धरते. सप्टेंबरच्या उधाणाच्या भरतीत अशा बिया नाल्यांच्या तोंडांतून आत, रस्त्याच्या दिशेने वाहत येतात. जेथे नाल्याला अजून मातीचा काठ आहे, तेथे पुढच्या उन्हाळ्यात बोटभर उंचीची रोपे दिसतात. जेथे काठ काँक्रीटचा आहे, तेथे भिंतीच्या पायाशी बियांचा हिरवट थर साचतो आणि ओहोटी तो परत घेऊन जाते.