उघडीप मिळाली की डवरणी करायची
(तुमसर येथील बैठकीतील भाषण)



तुमसर धानाचा तालुका, तरी आज कापूस-ज्वारीवालेही आलेत. भाव सोडून मी एका पोलिसी कायद्यावर बोलणार आहे. कारण भाव मागायला रस्त्यावर उतरावं लागतं.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मांडलं गेलं. लगेच अधिवेशन संपलं, विधेयक अडलं. आपल्यातले बरेच म्हणाले, सुटलो! पण डिसेंबरात नागपूरला ते पुन्हा आलं, संयुक्त समितीकडे गेलं. १० जुलै २०२५ ला विधानसभेनं आणि ११ जुलैला विधान परिषदेनं ते मंजूर केलं.

सरकार म्हणतं, हे नक्षलवादासाठी आहे. हिंसेला आपलाही विरोधच आहे. पण व्याख्येचं कलम वाचा. प्रस्थापित कायदा मोडायला प्रोत्साहन देणं, तशी शिकवण देणं, हेही बेकायदेशीर कृत्यात धरलंय. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

आता आठवा. १९३० साली पुसदला लोकनायक अणे यांनी जंगलात गवत कापून कायदा मोडला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. ते बियाणं बरं की वाईट, हा वाद वेगळा. पण उघडपणे, हिंसा न करता कायदा मोडून शिक्षा पत्करणं ही आपली जुनी रीत आहे. तिला उद्या कोणत्या रकान्यात टाकतील?

मग हरकती घेऊन काय झालं? समितीकडे १२ हजारांवर सूचना आल्या. म्हणून ‘व्यक्ती आणि संघटना’ हा मोघम रोख बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असे शब्द आले. तपास फौजदाराकडून उपअधीक्षकाकडे गेला. म्हणजे कागदाला कागदानं उत्तर दिलं की फरक पडतो. पण ‘तत्सम’ राहिलंच. तत्सम कोण, हे आधी सरकार ठरवणार, सल्लागार मंडळ नंतर तपासणार.

त्या १२ हजारांत आपल्या गावची किती पत्रं होती? प्रत्येकानं स्वतःला विचारावं. मीही विचारतो.

पावसाची उघडीप मिळाली की आपण घरी बसत नाही, डवरा जुंपतो. तण दोन पानांवर असतानाच निघतं. विधेयक अडलं म्हणजे तशीच उघडीप. पुढच्या वेळी तीन कामं करा. आमदाराकडून मराठी मसुदा मागा. आधी व्याख्या वाचा. गावात बसून हरकत लिहा, टपालानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

कायदा झाल्यावर ओरडणं म्हणजे बोंडं फुटल्यावर निंदण करणं. तोवर तणानं खत खाल्लेलं असतं.