पहिली मॅच हरल्यानंतरची दुपार

(अहमदपूर येथील एका विद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



मघाशी बक्षिसं देताना कबड्डीच्या विजयी संघाला ढाल दिली, उपविजेत्यांना चषक दिला. तुम्ही टाळ्याही भरभरून वाजवल्या. खाली बसल्यावर शेजारच्या क्रीडाशिक्षकांना मी विचारलं, एकूण किती संघ होते? ते म्हणाले, सोळा. आणि एकच मॅच खेळून बाहेर पडले असे किती? म्हणाले, "आठ, सर. बाद पद्धत होती ना."

आठ संघ, प्रत्येकात बारा जण, म्हणजे शहाण्णव लेकरं. महिनाभर सराव केला असेल, मैदानावर फक्की मारायला मदत केली असेल, आणि चाळीस मिनिटांत त्यांची स्पर्धा संपली. मला आज त्या शहाण्णव जणांशी बोलायचं आहे.

मी मूळचा कंधार तालुक्यातला, मन्याडकाठच्या एका खेड्यातला. आठवीत असताना तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेला आमचा संघ गेला होता. पहाटे अंधारात उठलो, फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चाललो आणि तिथून एसटी धरली. साडेदहाला आमची मॅच लागली. सव्वाअकराला आम्ही हरून मैदानाबाहेर बसलेलो होतो. परतीची गाडी साडेचारची. ती पाच तासांची दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. लिंबाच्या झाडाखाली बसलो होतो. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, कुणाच्या तरी आईने गुळाचा खडा दिला होता. दोन वाजेपर्यंत कुणी फडकं सोडलं नाही. समोर दुसऱ्या शाळांच्या मॅच चालू होत्या. आमच्या डाव्या कोपऱ्याला खेळणारा मुलगा मध्येच उठून म्हणाला, "गुरुजी, मला आता कळलं, त्या चढाईपटूचा पाय कधी धरायचा ते." गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. भला माणूस होता. पण आम्हाला द्यायला त्यांच्यापाशी दुसरी मॅच नव्हती.

पुढे मी स्वतः क्रीडाशिक्षक झालो, पंच झालो, आणि तेच वाक्य शेकडो लेकरांच्या तोंडून ऐकलं. आता कळलं, सर. हरल्यावरच कळतं ते, आणि कळलेलं वापरायला मैदान नसतं.

यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. सोळा संघांची बाद पद्धतीची स्पर्धा पंधरा मॅचमध्ये संपते. त्याच सोळा संघांची पूर्ण साखळी खेळवायची तर एकशे वीस मॅच लागतात. एवढे पंच कुठून आणायचे, मैदान कुठून, लेकरांना रोज ने-आण करायला गाडी कुठून? म्हणून बाद पद्धत चालत आली. पण तिने एक गोष्ट आपल्या हाडात भिनवली, की हरलो म्हणजे घरी जायचं.

आणि हे कुठल्या खेळात? कबड्डीत! ज्या खेळात बाद झालेला गडी घरी जात नाही. तो रेषेबाहेर बसतो, आपल्या संघाने समोरचा गडी मारला की उठतो आणि पुन्हा आत येतो. सगळेच्या सगळे बाद झाले, लोण बसला, तरी सातही जण पुन्हा उभे राहतात. जो खेळ गड्याला पुन्हा आत घेतो, त्याच्याच स्पर्धेत संघाला मात्र परत आत यायला दार नाही.

26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा मी टीव्हीसमोर वही घेऊन बसलो. सवयच आहे ती, गुण लिहिल्याशिवाय मला मॅच बघता येत नाही. आठ संघ होते, त्यात आपल्या महाराष्ट्राचे दोन, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. साखळीत प्रत्येकाच्या चौदा मॅच. यू मुंबा पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत गेली आणि 2015 ला विजेती झाली. पुणेरी पलटण पहिल्या वर्षी आठ संघांत आठवी आली. दुसऱ्या वर्षीही आठवी.

माझ्या वहीत पलटणीची पानं हारीने भरलेली होती. पण मला ओढ लागली ती त्याच पानांची. कारण हे लोक हरले की दोन-तीन दिवसांनी पुन्हा मॅटवर दिसायचे. व्यावसायिक संघ आहे, वेळापत्रक ठरलेलं आहे, तळाला गेलात म्हणून उरलेल्या मॅच कुणी माफ करत नाही. बालेवाडीत आपल्याच माणसांसमोर हरायचं आणि परत त्याच माणसांसमोर उतरायचं.

त्या लीगचा 2024 पर्यंतचा एक नियम मला फार आवडला. जिंकणाऱ्याला पाच गुण, बरोबरी झाली तर दोघांना तीन-तीन, आणि हरणारा सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरला तर त्यालाही एक गुण मिळायचा. म्हणजे मॅच हातातून गेलेली असते, शेवटची दोन मिनिटं उरलेली असतात, तुम्ही दहाने मागे असता, आणि तरीही खेळायला कारण उरतं. दहाचे सात करायचे असतात.

पुढचं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. 2016 ला मनजीत छिल्लरच्या नेतृत्वाखाली पलटण तिसरी आली. वाटलं, आता गाडी रुळावर आली. 2019 ला बारा संघांत पुन्हा घसरून दहावी. मग कोरोना आला, एक वर्ष स्पर्धाच झाली नाही. डिसेंबर 2021 मध्ये बेंगळुरूला, प्रेक्षकांविना, लीग परत सुरू झाली आणि पलटणीतून दोन कोवळी पोरं पुढे आली, अस्लम इनामदार आणि मोहित गोयत. अस्लम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. 17 डिसेंबर 2022 ला मुंबईत अंतिम सामना झाला. जयपूर 33, पुणे 29. हरले. आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत, अस्लम कर्णधार असताना, हरयाणा स्टीलर्सला 28–25 ने हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली.

त्या विजेत्या मोसमातला एक हिशेब मी वहीत करून ठेवला आहे. साखळीत 22 मॅच, 17 जिंकल्या, 3 बरोबरीत, 2 हरल्या. गुण 96. आता बघा, सतरा पंचे पंच्याऐंशी, तीन त्रिक नऊ, झाले चौऱ्याण्णव. उरलेले दोन गुण कुठून आले? हरलेल्या दोन मॅचमधून. दोन्ही हारी सातच्या आतल्या. विजेता संघसुद्धा हरताना शेवटच्या मिनिटापर्यंत खेळत होता, हे त्या दोन गुणांत लिहिलेलं आहे.

आणि पुढच्याच मोसमात हा विजेता संघ आठवा आला. बारा संघांत आठवा. मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की एकदा वर चढलं की झालं. क्रिकेटवाल्यांनी 2022 ची आयपीएल आठवावी. पाच वेळा विजेती मुंबई इंडियन्स पहिल्या आठच्या आठ मॅच हरली, शेवटी दहा संघांत दहावी. तोवर चार वेळा विजेती ठरलेली चेन्नई नववी. दोघांनी चौदापैकी चार-चारच मॅच जिंकल्या. त्याच मुंबईच्या पडत्या मोसमात हैदराबादच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला रोज संधी मिळत गेली आणि त्याने 397 धावा केल्या. तिलक वर्मा. पहिली मॅच हरून संघ घरी गेला असता तर?

अमेरिकेत बेसबॉलची लीग असते, तिथे तर एका मोसमात 162 मॅच. 2024 साली शिकागो व्हाइट सॉक्स नावाचा संघ त्यातल्या 121 हरला. मधे तर सलग 21 हारी झाल्या. 1962 साली न्यूयॉर्क मेट्स 120 हरले होते, तो आधुनिक काळातला नकोसा विक्रम यांनी मोडला. पण व्हाइट सॉक्सच्या त्या मोसमातल्या शेवटच्या सहा मॅच बघा. सहापैकी पाच जिंकल्या त्यांनी. 121 वी हार शुक्रवारी झाली, आणि शनिवार-रविवारच्या दोन्ही मॅच जिंकून ते घरी गेले. तक्त्यात क्रमांक बदलणार नव्हता, काही मिळणार नव्हतं. तरी चेंडू टाकणाऱ्याने तो नीट टाकला आणि मारणाऱ्याने तो नीट बघून मारला. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

आता माझ्या वहीतलं एक जुनं पान. प्रो कबड्डी बघून मी आणि माझ्या ओळखीच्या काही शिक्षकांनी 2015 च्या हिवाळ्यात आठ शाळांच्या मुलींची साखळी सुरू केली. दर शनिवारी एक मॅच, प्रत्येकीला सात मॅच, आणि तोच सात गुणांचा नियम. त्यात एका तांड्यावरच्या शाळेचा संघ होता. पहिल्या मॅचला त्या 44–8 ने हरल्या. त्यांच्यातली एक बारीक चणीची मुलगी शेवटची गडी राहिली की मागच्या रेषेला जाऊन उभी राहायची, लोण एकदाचा बसू दे म्हणून. नंतर 39–10. मग 41–13. चौथ्या शनिवारी मला वाटलं, आज त्या येणार नाहीत. मी फाट्याकडे बघत होतो. त्या जीपमधून उतरल्या, ओढण्या कमरेला बांधल्या आणि मैदान आखायला लागल्या. 35–15. पाचव्याला 30–17.

सहाव्या मॅचला शेवटच्या मिनिटाला गुण होते 29–20. शेवटच्या चढाईत त्यांच्या मुलीने दोघींना हात लावला आणि मध्यरेषेवर आडवी पडली. मी शिट्टी वाजवली. 29–22. त्या हरल्या होत्या. क्षणभर सगळ्या गप्प उभ्या राहिल्या. मग त्यांच्यातल्या एकीने बोटं मोजायला सुरुवात केली. तेवीस, चोवीस, पंचवीस... एकोणतीसला सातवं बोट आलं, आणि तिने जी किंकाळी फोडली! सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जिंकलेला संघ बाजूला उभा राहून बघत होता. सहा मॅचनंतर तक्त्यात त्यांच्या नावासमोर पहिल्यांदा काहीतरी लिहिलं गेलं होतं. एक.

सातवी मॅच त्या 27–24 ने हरल्या. त्या मॅचमध्ये ती बारीक चणीची मुलगी पुन्हा एकदा शेवटची राहिली. या वेळी ती मागच्या रेषेला गेली नाही. समोर सात जणी, ही एकटी. गेली, बोनस रेषेपलीकडे पाय टाकला आणि दम न सोडता परत आली. सात मॅच, सात हारी, दोन गुण, आठवा क्रमांक. त्यांच्यातली कुणी पुढे राज्याच्या संघात गेली नाही. पण बाद पद्धत असती तर ती मुलगी आयुष्यभर 44–8 ची मुलगी राहिली असती. मला 27–24 ची मुलगी बघायला मिळाली.

लातूरच्या ट्यूशन एरियातून जाताना, नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांतून जाताना एक शब्द मला टोचतो. रिपीटर. पालकांनो, अर्धवट आवाजात, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा हा शब्द आपण उच्चारतो. मागच्या वर्षी परीक्षेत पोराचे गुण कमी पडले, आता पुन्हा बसतोय, एवढंच घडलेलं असतं. आम्ही मैदानावर त्याला दुसरी मॅच म्हणतो. घरातल्या लेकराला निकालाच्या दुपारी लिंबाखाली एकटं बसवू नका. त्याच्याजवळ बसा, भाकरी सोडा, आणि त्याला काय कळलं ते विचारा. त्याला नक्की काहीतरी कळलेलं असतं.

मुख्याध्यापक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वर्षी सोळा संघांचे चार गट करा. गटात चार संघ. प्रत्येक गटात साखळीच्या सहा, म्हणजे चार गटांच्या मिळून चोवीस मॅच. रोज शेवटच्या तासाला एक घेतली तर महिन्याभरात होतात. कुणीही हरलं तरी प्रत्येक लेकराला किमान तीन मॅच मिळतील. आणि सात गुणांचा नियम ठेवा.

पंचांची अडचण असेल तर मी आहे. चार गटांत जे तळाला राहतील, त्या चार संघांच्या आपसातल्या मॅचसुद्धा होऊ द्या, तेरावा कोण आणि सोळावा कोण ते ठरू द्या. त्या मॅचना शिट्टी वाजवायला मी स्वखर्चाने येईन. वही माझी असेल. तारीख तेवढी आठ दिवस आधी कळवा.