सात दिवस शिडाच्या नावेवर



गेली तीस वर्षे आम्ही आपल्यापुढे बोलत आलो ते पगार, महागाईभत्ता आणि कामाचे तास यांविषयी. यंदा चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘भूमध्य समुद्रातील नौकाप्रवास’ असा कळविला. लगेच गावात कुजबुज झाली, की चळवळीच्या माणसाला हे सुखवस्तूंचे चोचले कधीपासून सुचू लागले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हेच आजचे व्याख्यान.

प्रथम हिशेब देतो, कारण संघटनेच्या माणसाने हिशेब आधी द्यावा. विमानाचे भाडे पतपेढीत आठ वर्षे साठविलेल्या पैशांतून निघाले. नौका तीस फुटांची, जुनी, एका निवृत्त ग्रीक खलाशाची. तो मालवाहू जहाजावर असताना मुंबई बंदरात येई, तेव्हापासूनचा आमचा स्नेह. नाखवा तो, आणि आम्ही उभयतां त्याचे दोन नवशिके खलाशी.

ग्रीसच्या पश्चिमेस आयोनियन समुद्र पसरला आहे. भूमध्य समुद्राचाच तो एक भाग. त्यात कॉर्फू, पॅक्सोस, लेफ्काडा, इथाका, केफालोनिया, झाकिंथोस अशी बेटे उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने आहेत. शतकानुशतके ती व्हेनिसच्या ताब्यात होती, १८१५ पासून इंग्रजांच्या छत्राखाली आली, आणि १८६४ साली ग्रीसला मिळाली. इंग्रज गेले, पण कॉर्फूत क्रिकेट ठेवून गेले. ते तेथे आजही खेळतात! आम्ही लेफ्काडाहून जूनमध्ये निघालो. आपल्या कोकणात मच्छीमार होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारतात, त्याच दिवसांत तेथे आकाश निरभ्र असते आणि पावसाचा थेंब क्वचितच पडतो. भरती-ओहोटीही वीत-दोन वीतच. पाणी ओसरून नाव चिखलात बसेल, ही आपल्या खाड्यांतली धास्ती तेथे नाही.

तिथल्या वाऱ्याला वेळापत्रक आहे. सकाळी समुद्र तेलासारखा स्तब्ध. दुपारी वायव्येकडून वारा उठतो, त्याला ते लोक माइस्ट्रो म्हणतात. सूर्य मावळला की तोही बहुधा निजतो. म्हणून आम्ही सकाळी पोहावे, जेवावे, दुपारी शीड उभारावे आणि संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकावा. वेग ताशी पाच सागरी मैल, म्हणजे सायकलीहून कमी. घाई करून उपयोगच नाही, कारण वाऱ्याला मुकादम नसतो.

दुसऱ्या दिवशी स्कॉर्पिओस नावाच्या लहानशा बेटाजवळून गेलो. जहाजांचा मालक ओनासिस याने ते विकत घेतले होते आणि १९६८ साली जॅकलीन केनेडी यांच्याशी त्याचे लग्न तेथेच लागले. आमचा नाखवा एवढेच म्हणाला, “बेट त्याचे. पण वारा तुम्हाला आणि त्याला सारखाच.” पुढे इथाका लागले. ओडिसियस युद्धावरून घरी परतायला दहा वर्षे भटकला, ते हे त्याचे घर. बेट डोंगराळ, जमीन थोडी. म्हणून तिथले तरुण पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर गेले किंवा ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. आमच्या रत्नागिरीकडच्या खलाशांची घरे आम्हाला आठवली: कर्ता पुरुष दर्यावर, आणि दारात बायकामुले. १९५३ च्या ऑगस्टमधील भूकंपाने इथाका, केफालोनिया आणि झाकिंथोस ही बेटे उद्ध्वस्त केली. केफालोनियाच्या उत्तर टोकाचे फिस्कार्डो हे गाव बव्हंशी वाचले. तिथली जुनी घरे धक्क्यावरून पाहताना बाकीच्या बेटांनी काय गमावले ते कळते.

त्याच धक्क्यावर नाखव्याने विचारले, “तुमच्याकडे पगारी रजा किती?” आणि आमच्यातील संघटक जागा झाला.

श्रोतेहो, सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नव्हे. फ्रान्समध्ये १९३६ च्या मे-जून महिन्यांत कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडून संप केले. २० जूनच्या कायद्याने त्यांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि रेल्वेने स्वस्त तिकिटे काढली. त्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने वर्षाकाठी किमान सहा दिवस पगारी रजेचा करार केला. आणि आपण? आपण तर त्याआधीचे! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांची बाजू मांडली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. खलाशांसाठी २००६ चा सागरी श्रम करार झाला. तो २०१३ पासून अमलात आहे, आणि त्यात दर महिन्यामागे अडीच दिवसांची रजा आहे.

हे सर्व आम्ही नाखव्याला अभिमानाने सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि नौकेच्या आत लावलेल्या एका कागदाकडे बोट केले. तो पाळ्यांचा कागद होता. त्याच्या नौकेवर स्वयंपाक, भांडी, सुकाणू, नांगर, प्रत्येक कामाची पाळी लिहिलेली असे, आणि तिघांची नावे फिरती. पहिल्याच सकाळी आमच्या सौभाग्यवती सवयीने पाच वाजता उठून चहाला लागल्या, तेव्हा त्याने त्यांना थांबवून म्हटले होते, “आज तुमची पाळी नाही.” त्या बसल्या खऱ्या, पण हात कोठे ठेवावेत हेच त्यांना कळेना.

तिसऱ्या दिवशी सुकाणूचा दांडा त्यांच्या हाती होता, शीड भरले होते, आणि त्या म्हणाल्या, “अहो, लग्न झाल्यापासून सकाळचा पहिला चहा दुसऱ्याच्या हातचा मी माहेराबाहेर कधी घेतला नव्हता.” तक्रारीचा सूर नव्हता. केवळ एक नोंद, हजेरीपटावर करावी तशी.

मंडळी, १८९० च्या त्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या होत्या. रविवार मिळविण्यात बायकांचाही वाटा होता. पण पुरुषाचा रविवार सुरू झाला तो घरात मटणाचा वा पुरणाचा बेत होऊनच. ज्या दिवशी त्याचा भोंगा वाजत नाही, त्या दिवशी तिची चूल दुप्पट पेटते. कायद्याने गिरणीतले २४० दिवस मोजले. घरातले ३६५ कोणी मोजले? ही रजा सरकार देऊ शकत नाही, आणि तिच्यासाठी संप पुकारण्याचीही गरज नाही. ती आपल्या हातात आहे.

तेव्हा सुखवस्तूंचे चोचले म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर असे. निळे पाणी, ऊन आणि निवांत दुपार ही श्रीमंतांची मिरास नाही. इथाकाला जाण्याची गरज नाही. मुरूड आहे, हर्णै आहे, गुहागर आहे. परंतु कंत्राटी कामगाराला आज हक्काची रजासुद्धा मागायला भीती वाटते, कारण परत आल्यावर फाटकावर नाव असेल की नाही याची खात्री नसते. ती भीती घालविणे हे संघटनेचे काम आहे, आणि त्यासाठी आम्ही उद्याही फाटकावर उभे राहू. दुसरे काम प्रत्येकाच्या घरातले आहे. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या, घरातली कामे लिहा, आणि पाळ्या लावा. रविवारच्या पहिल्या चहापुढे स्वतःचे नाव घाला.