पडद्यावरचं जग आणि दारातला पांडुरंग



आज निरूपणाला एक साधा प्रश्न घेतलाय. माणूस रोज जे बघतो, त्यानं त्याच्या मनाचं काय होतं?

आपल्या परंपरेत याला जुना दृष्टांत आहे, कीटकभृंगी न्याय. कुंभारीण माशी भिंतीवर मातीचं घर करते, त्यात एक अळी आणून कोंडते आणि वरून गुणगुणत राहते. अळी रात्रंदिवस तिचाच ध्यास घेते आणि शेवटी स्वतःच कुंभारीण होऊन उडून जाते, असं जुने लोक सांगत. आता शिकलेली पोरं म्हणतात, "महाराज, तसं नसतं, ती अळी म्हणजे कुंभारणीच्या पिल्लांचं खाणं." असू दे. संतांना कीटकांचं शास्त्र शिकवायचं नव्हतं. ज्याचं ध्यान, त्याचं रूप, एवढंच सांगायचं होतं. आणि नव्या पोरांचा अर्थही सोडू नका. ध्यान चुकीच्या ठिकाणी लागलं, तर अळीचं रूप बदलत नाही, अळीच खाल्ली जाते!

आता आपल्या घरात गुणगुणणारी ती माशी कोणती? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. आजी, आई, नात अशा तीन पिढ्या त्या पेटीसमोर बसल्या. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' मालिका सुरू झाली, ते दिवस आठवा. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. लोक आंघोळ करून बसायचे, टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. मी त्याला हसणार नाही, तो भावच होता. पण मनाला एक विचारून बघा. डोळे मिटून रामाला आठवलं, तर चेहरा कुणाचा येतो? कित्येकांना त्या नटाचाच येतो. तोंडानं नाम देवाचं, आणि आत रूप पडद्याचं. दीड वर्ष, आठवड्यातनं एकदा बघितलेलं इतकं खोल जातं. मग रोज रात्री चार तास बघितलेलं कुठवर जात असेल?

मूळचे हंगेरीचे, पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे जॉर्ज गर्बनर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांचा एक प्रश्न असा होता: एका आठवड्यात तुम्ही मारहाणीत सापडण्याची शक्यता किती, दहात एक की शंभरात एक? खऱ्या जगाचं उत्तर शंभरात एकच्या जवळचं. दहात एक हे पडद्यावरच्या जगाचं. रोज चार तासांच्या वर टीव्ही बघणाऱ्यांत पडद्याचं उत्तर देणारे जास्त निघाले. जग दुष्ट आहे, माणसावर विश्वास टाकू नये, असंही त्यांना जास्त वाटायचं. काही अभ्यासकांनी हरकत घेतली की ज्याच्या वस्तीतच भय आहे तो घरात बसतो, म्हणून जास्त टीव्ही बघतो. तेही थोडं खरं आहे. पण गर्बनरांनी या परिणामाला जो शब्द वापरला, त्याचा मराठीत अर्थ होतो मशागत. आपण उसाच्या मुलखातली माणसं, आपल्याला हे लगेच कळतं. एका नांगरटीनं रान बदलत नाही. सरीवर सरी, वर्षामागून वर्ष, तेव्हा जमिनीचा पोत बदलतो.

मशागत चांगलीही होते बरं का. पाचगणीच्या डोंगरातल्या खेड्यांत राहून कर्क जॉन्सन या अभ्यासकानं टीव्ही आल्यावर गाव कसं बदलतं ते बघितलं आणि २००० साली त्यावर पुस्तक छापलं. घरातली नाती, बाईमाणसाचं स्थान, पोरांच्या इच्छा, सगळ्यांत बदल दिसला. तेव्हा पेटी वाईट नाही. रानात काय पेरलं जातंय, हे आपण बघत नाही, ही चूक.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. टीव्हीवर दिवसभर एकच चित्र, पाणी आणि पाणी. ते खरंच होतं, लोकांचे संसार वाहून गेले. पण जे पुन्हापुन्हा दाखवायला जमत नाही, तेही खरं होतं. तालमीची पोरं कमरेइतक्या पाण्यात उतरली होती. ज्यांच्या घरात पाणी नव्हतं, त्या आयाबाया अनोळखी माणसांसाठी भाकरी थापत होत्या. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पूर दिसला. भाकरी ज्यानं खाल्ली, त्यालाच दिसली.

आता हे सगळं सांगणारा मी कोण? माऊली, इथं मला माझंच पाप सांगायचं आहे.

आषाढातली दशमीची रात्र. दुसऱ्या दिवशी एकादशी, नंदवाळची पायी दिंडी. बाहेर पाऊस कोसळत होता. मी टीव्हीपुढं बसलो होतो, खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी दाखवणारा कार्यक्रम लागला होता. तो मी बरीच वर्षं रोज बघायचो. अकराच्या सुमाराला दार वाजलं. "कोण हाय का घरात? जरा पाणी द्या वो, आमच्या म्हातारीला बरं न्हाई." मी खिडकीतनं बघितलं. भिजलेला तरणा पोरगा, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. माझं मन लगेच म्हणालं, हे असंच सुरू होतं. आधी पाणी मागतात, मग सुरी काढतात. मी दिवा मालवला आणि आतनं कडी घातली.

सकाळी शेजारची बाई आली. चार घरची भांडी घासून पोट भरणारी. म्हणाली, "महाराज, रातच्याला तुमचं दार लई वेळ वाजवलं वो त्या पोरानं. तुम्ही झोपला असाल. मी म्हातारीला घरात घेतलं, गूळपाणी दिलं, पोराला रिक्षा काढायला लावली आन् दवाखान्यात नेलं. नंदवाळला निघालेली माणसं हुती." म्हातारी वाचली. मी खाली मान घालून "बरं केलंस बाई" म्हणालो. झोपलो नव्हतो, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही. आणि त्या दिवशी माझंच कीर्तन होतं. विषय, भूतदया!

त्या पेठेत मी चाळीस वर्षं राहतोय. रात्री-अपरात्री दारात कितीतरी माणसं आली. कुणाचं बाळंतपण, कुणाची गाडी बंद, कुणी वाट चुकलेला. एकानंही सुरी काढली नाही. चाळीस वर्षांचा माझा स्वतःचा अनुभव एका बाजूला, आणि पडद्यावरचे खोटे दरोडे एका बाजूला. ऐन वेळी मी साक्ष कुणाची मानली? पुंडलिकानं दारात आलेल्या देवाला निदान वीट तरी दिली. मी कडी घातली.

सावधपणा सोडा, असं मी म्हणत नाही. जाळीच्या दारातनं पाणी देता येतं, शेजाऱ्याला हाक मारता येते. पण भय आपल्या अनुभवातनं आलंय की पडद्यातनं, हे तपासा.

म्हणून घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. दिवेलागणीला पेटी बंद ठेवा, हरिपाठ होऊ द्या. एकादशीला जिभेचा उपवास करता, तसा डोळ्यांचाही करा. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मोजा. आज मला किती माणसं भेटली, त्यातल्या किती जणांनी दगा दिला, आणि किती जणांनी वाट दिली, चहा पाजला, हसून विचारपूस केली? महिनाभर मोजा. जग कसं आहे, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

माझी कडी त्या रात्रीपासून सैल आहे. पुन्हा दार वाजलं, तर उठायची बुद्धी पांडुरंगानं द्यावी, एवढंच मागणं तुमच्यासमोर मागतो.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!